पोस्टिंगला आलेल्या नर्सिंगच्या मुलामुलींना वॉर्डात शिकवायचं कसं? (सोलापूर)

मेडिसिन_वॉर्ड | गुरुवार, रात्री 9:50

नमस्कार. सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी मेडिसिन वॉर्डची इनचार्ज आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. नोकरीला 17 वर्षं झाली. दर वर्षी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या मुली, हल्ली बरीच मुलंही, आमच्याकडे पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला, येतात. त्यांना शिकवणं हे माझंच काम आहे असं मी मानते, पण कसं शिकवायचं ते मला कुणी कधी शिकवलेलं नाही. म्हणून हा धागा.

सोमवारची गोष्ट. सकाळचे टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) झाले आणि दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने 12 कॉटचे चार्ट भरून माझ्यासमोर ठेवले. श्वसनाच्या रकान्यात 18, 18, 20, 18, 20, 18. सहा नंबरच्या कॉटवर सत्तरीचे आजोबा आहेत, सीओपीडीचे, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे. दोन्ही हात गादीवर टेकून, पुढे वाकून बसलेले. बोलताना तिसऱ्या शब्दाला थांबतात. त्यांच्यापुढेही 18. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला 34 भरले.

मी तिला तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर झापलं. डोळे आहेत का, परीक्षा कशी पास झालीस, सगळं बोलले. ती खाली मान घालून उभी राहिली. मंगळवारी तिच्या चार्टवर आकडे होते 19, 22, 17, 21. दोन कॉटवर मी मोजून बघितलं, एकही जुळला नाही. माझ्या ओरडण्यातून ती एवढंच शिकली होती, की सगळीकडे एकच आकडा लिहिला की पकडलं जातं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बुधवारी तिला घेऊन त्याच आजोबांच्या कॉटजवळ गेले आणि म्हटलं, मला मोजून दाखव. तिने मनगट धरलं, छातीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "मॅडम, मला दिसतच नाही. कॉलेजात आम्ही एकमेकींचे मोजले तेव्हा दिसायचं. इथे सगळ्यांच्या अंगावर चादर असते."

तिची अडचण चादरीची होती! आणि ती तीन आठवडे आकडे मनाने लिहीत होती, कारण विचारलं तर कुणीतरी ओरडेल.

मग दाखवलं. आजोबांचा हात त्यांच्याच पोटावर आडवा ठेव, मनगट धरून ठेव. नाडीच मोजतेयस असं त्यांना वाटू दे, कारण श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. आता तो हात वरखाली होतो ना, तो मोज. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, पूर्ण एक मिनिट. तिने मोजले, 31. मी मोजले, 31. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी विसरणार नाही.

पुढच्या सोमवारपासून आठ जणांची नवी बॅच येतेय. वॉर्ड 30 कॉटचा, सकाळी स्टाफ दोघीच. तुम्ही काय करता, काय जमतं, काय जमत नाही, मनापासून लिहा.

---

ट्यूटर_बार्शीरोड | गुरुवार, रात्री 10:35

सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं आणि लाजही वाटली, कारण मी दुसऱ्या बाजूची आहे. मी एका कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे मुलींना वॉर्डात शिकवणारी शिक्षिका. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या नियमात शिक्षक आणि विद्यार्थी 1:10 आहे. कागदावर ते बसतं. पण माझे दहा जण तीन वॉर्डांत विभागलेले असतात. मी मेडिसिनला असते तेव्हा सर्जिकलमधल्या चौघी कुणाच्या जिवावर असतात? तुमच्यासारख्या स्टाफच्या.

दुसरं, आम्ही त्यांच्यामागे वह्यांचा ससेमिरा लावतो. केस स्टडी, केअर प्लॅन, ड्रग बुक, लॉगबुक. मुलगी पेशंटजवळ उभी राहण्याऐवजी स्टूलवर बसून सीनियरची वही उतरवते. मी स्वतः असे केअर प्लॅन तपासलेत की त्यात पेशंटचं नाव बदललंय आणि वय मागच्या वर्षीच्या पेशंटचंच राहिलंय.

तुम्हाला एकच विनंती. लॉगबुकवर सही करताना ती प्रोसिजर तुम्ही डोळ्यांनी बघितली असेल तरच करा. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी 20 सह्या एकदम मागायला येतात, तेव्हा नाही म्हणा. कॉलेजकडून कुणी काही म्हटलं तर मी बोलेन.

---

निवृत्त_सिस्टर | गुरुवार, रात्री 11:10

मी 36 वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या वेळी काचेच्या सिरिंजा उकळून वापरायच्या, सुया दगडावर घासून धार लावायची. ओरडा तर रोजचाच. त्यातूनच शिकलो, त्यामुळे ओरडणं वाईटच असं मी म्हणणार नाही.

कुठे ओरडायचं ते सांगते. इन्सुलिनच्या ट्रेजवळ. आपल्याकडे मिलीलिटरला 40 युनिट आणि 100 युनिट, दोन्ही ताकदीच्या व्हायल (औषधाच्या बाटल्या) असतात. सिरिंजाही दोन, लाल टोपीची 40 ची आणि केशरी टोपीची 100 ची. 100 ची व्हायल आणि लाल टोपीची सिरिंज घेऊन 20 च्या रेघेपर्यंत भरलं, की पेशंटच्या अंगात 20 नाही, 50 युनिट जातात. एकदा एका मुलीच्या हातात अशी भरलेली सिरिंज मी दंडाजवळ पोचलेली असताना पकडली. तेव्हा "बाळ, जरा थांबतेस का" म्हणायला वेळ नव्हता. मी ओरडले. आणि आजही ओरडेन.

पोटॅशियम क्लोराइडचंही तेच. ते सरळ शिरेत कधीच द्यायचं नाही, सलाईनमध्ये मिसळूनच. हे पहिल्या दिवशी सांगा, लिहून घ्या आणि रोज विचारा.

---

मेडिसिन_वॉर्ड | गुरुवार, रात्री 11:30

@निवृत्त_सिस्टर, बाई, एकदम पटलं. जिवाशी गाठ आहे तिथे हात धरायचाच, मग आवाज चढला तरी चालेल. माझं दुखणं वेगळं आहे. श्वास न मोजता लिहिणाऱ्या मुलीवर आणि चुकीचं इन्सुलिन भरणाऱ्या मुलीवर मी एकाच आवाजात ओरडत आले. मग कुठली गोष्ट जिवावरची आणि कुठली सवयीची, हे त्यांना कळणार कसं?

---

जीएनएम_तिसरंवर्ष | शुक्रवार, सकाळी 6:20

ड्युटीला निघायच्या आधी लिहितेय. मी विद्यार्थिनी आहे. कॉलेज सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी मला सुई टोचली होती. इंजेक्शन देऊन झाल्यावर टोपण परत लावायला गेले आणि डाव्या तर्जनीत घुसली. लावायचं नसतं हे माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण सुई तोडायचा कटर लांब होता आणि हातात दुसरा ट्रे होता. मी बोट दाबून दाबून रक्त काढलं, स्पिरिट लावलं आणि कुणालाच सांगितलं नाही. कारण त्या वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या असत्या, अक्कल नाही तर आलीस कशाला. होस्टेलवर रात्रभर रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रिणीने जबरदस्तीने मॅडमकडे नेलं. पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, माझेही. पण ते 26 तास मी कसे काढले ते मलाच माहीत.

मॅडम, तुम्ही विचारलंत काय करावं. पहिल्या दिवशी फक्त एवढं सांगा, "टोचलं तर आधी माझ्याकडे ये, मी रागावणार नाही." मला कुणी हे सांगितलं असतं तर मी गेले असते.

---

डॉ_रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी 8:05

वरचा प्रतिसाद वाचून थांबलो. @जीएनएम_तिसरंवर्ष, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. बाकीच्यांसाठी नीट सांगतो, कारण हे प्रत्येक विद्यार्थ्याला पोस्टिंगच्या आधी माहीत हवं.

सुई टोचली की वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. दाबायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा सॅव्हलॉन लावायचं नाही. लगेच कळवायचं, कारण एचआयव्हीसाठी प्रतिबंधक औषध द्यायची गरज असेल तर पहिला डोस दोन तासांच्या आत गेलेला उत्तम. 72 तासांनंतर त्याचा उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा. हिपॅटायटिस बीची लस मात्र वॉर्डात पाय ठेवायच्या आधीच सुरू झालेली हवी: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

कटर लांब होता, हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सुयांसाठीचा पांढरा, न टोचणारा डबा ट्रॉलीवरच हवा, वॉर्डाच्या टोकाला नको. इनचार्ज सिस्टरांनी नवी बॅच यायच्या आधी एवढं एक बघावं.

आणखी एक मागणं. मुलींना आम्हाला निरोप द्यायला शिकवा. परवा एक जण धावत आली, "सर, पेशंट कसातरी करतोय." कुठला, काय करतोय, आधी कसा होता, काहीच नाही. कॉट नंबर, दाखल कशासाठी, आधी काय होतं, आत्ता काय मोजलं, आणि मी यावं की फोनवर सांगावं. एवढी पाच वाक्यं ओळीने बोलता आली तरी पेशंटचा जीव वाचतो. आणि त्या पाचांतलं "आत्ता काय मोजलं" हे तुमच्या चादरीपाशीच येऊन थांबतं.

---

यंत्रमाग_अक्कलकोटरोड | शुक्रवार, दुपारी 3:15

मी तुमच्या क्षेत्रातला नाही. टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. गेल्या वर्षी आईला एका ठिकाणी ॲडमिट केलं होतं, तिथला अनुभव लिहितो. राग आहे, पण खरं तेच लिहितो.

शिकाऊ मुलीने सलाईनची सुई लावायला आईच्या हातावर पाच वेळा टोचलं. दोन्ही हात काळेनिळे. मोठ्या सिस्टर मागे टेबलाजवळ उभ्या होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. शिकायचं असतं हे मला कळतं. मीही मागावर शिकताना किती धागे तोडलेत. पण तो धागा होता, ही माझी आई होती.

दुसरं, आई फक्त तेलुगू बोलते. तिला मराठी समजतं, पण दुखायला लागलं की तेलुगूच तोंडात येतं. ती "नोप्पी, नोप्पी" म्हणत होती आणि ती मुलगी म्हणत होती, "आजी, नळी नाही काढायची." बिचारी लांबच्या गावची होती, तिला काय कळणार. पण सोलापुरात काम करायचं तर नोप्पी म्हणजे दुखतंय, एवढं तरी कुणी सांगायला नको का?

---

मेडिसिन_वॉर्ड | शुक्रवार, रात्री 9:20

@यंत्रमाग_अक्कलकोटरोड, दादा, तुमच्या आईंची मी माफी मागते. माझा वॉर्ड नसेल, पण माझं क्षेत्र आहे. आमच्याकडे दोन टोचण्यांचा नियम आहे. दोनदा नाही मिळाली तर सुई खाली ठेवायची आणि मला हाक मारायची. पण खरं सांगते, गर्दीच्या दिवशी तो पाळला जातोच असं नाही. सोमवारपासून पाळला जाईल. आणि टोचायच्या आधी पेशंटला विचारायचं, "ही शिकतेय, मी शेजारी उभी आहे, चालेल का?" बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर नाही.

भाषेचं तुमचं म्हणणं मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे मुली करमाळ्याहून येतात, धाराशिवहून येतात. समोर पेशंट कुणी तेलुगू, कुणी इंडी-विजापूरकडचा कन्नड, कुणी दखनी बोलणारा. आणि सोलापूरची मराठीही त्यांना नवी. परवा एक मावशी म्हणाल्या, "पोटात कसंतरी होलालंय," तर मुलीने मला येऊन विचारलं, मॅडम, होलालंय म्हणजे काय? होतंय, एवढंच.

आज बसून एक कागद केला. दुखतंय: तेलुगूत नोप्पी, कन्नडमध्ये नोवू. जेवलात का: तिन्नारा, ऊटा आयता. श्वास: ऊपिरी, उसिरु. आमच्या वॉर्डात काम करणाऱ्या मावशींकडून उच्चार तपासून घेतले, त्यांना तिन्ही भाषा येतात. त्या इतक्या खूश झाल्या! 20 वर्षांत त्यांना कुणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं म्हणे.

---

निवृत्त_सिस्टर | शुक्रवार, रात्री 10:00

भाषेचं निघालंच आहे तर सांगते. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी भैय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला घेऊन जायची. सोलापूरचा मुलगा, 1938 साली चीनला गेला, 1942 साली तिथेच गेला, वय 32. मुलींना एवढं माहीत असतं. मी त्यांना पुढचं सांगायची, की त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली आणि तिथल्या पोरांना वैद्यकीचे धडे त्याच भाषेत दिले. त्यांच्या पत्नी, कुओ छिंगलान, नर्स होत्या. मग मी विचारायची, त्यांना चिनी आली, तुम्हाला कन्नडची चार वाक्यं येणार नाहीत? पुढच्या आठवड्यात निम्म्या मुलींना यायचीच.

---

ब्रदर_मोहोळ | शनिवार, सकाळी 7:45

मी स्टाफ ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे. मुलांचं थोडं लिहितो. विद्यार्थी असताना फीमेल वॉर्डात मला नुसतं दाराशी उभं करायचे. मग उचलायचं, ढकलायचं, सिलेंडर आणायचं असलं की हाक. केस स्टडी मैत्रिणींच्या वहीतून पुरी केली. पेशंटची लाज सांभाळायलाच हवी, पडदा हवा, सोबत सिस्टर हवी, हे मान्य. पण बीपी घ्यायला, सलाईनचे थेंब लावायला काय हरकत आहे? एका सिस्टरांनी मात्र मला सलाईनच्या सेटचं पाकीट हातात देऊन विचारलं होतं, यावर एक मिलीलिटरला किती थेंब लिहिलेत? 20 होते. 500 मिली चार तासांत द्यायचं, तर मिनिटाला किती? मी 42 म्हटलं. "आता घड्याळ बघून लावून दाखव." 10 मिनिटं लागली मला, त्या थांबल्या. त्या सिस्टर आठवतात, बाकीच्यांची नावं विसरलो.

---

स्टाफ_सहावर्षं | शनिवार, दुपारी 1:30

सगळं छान आहे, पण कुणीतरी आमचंही म्हणा. 30 पेशंट, दोघी जणी, त्यात राऊंड, ॲडमिशन, डिस्चार्ज, ऑनलाइन नोंदी. शिकवायचे वेगळे पैसे नाहीत, वेगळा वेळ नाही. विद्यार्थिनी आल्या की काम हलकं होतं असं वरच्यांना वाटतं, पण खरं तर दुप्पट होतं. मला शिकवायला आवडतं. पण पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, म्हणजे ओव्हर, देऊन घरी पोचायला चार वाजतात आणि लेकरू शेजारणीकडे वाट बघत असतं. अशा दिवशी कुणी "मॅडम, हे कसं करायचं" म्हटलं की माझा आवाज चढतो. नंतर वाईट वाटतं.

---

मेडिसिन_वॉर्ड | सोमवार, रात्री 10:15

@स्टाफ_सहावर्षं, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ड्युटी लिस्ट लावताना शिकवणाऱ्या सिस्टरला त्या दिवशी कॉट कमी द्यायच्या, ही मागणी मी मेट्रन मॅडमकडे लेखी दिली आहे. काय होतं ते कळवीन.

आज नवी बॅच आली, म्हणून लिहितेय. आठ जण एकदम 30 कॉटवर सोडायचे नाहीत असं ठरवलं होतं. प्रत्येकाला दोनच पेशंट, आणि त्यांचं सगळं त्यांनीच बघायचं. तोंड धुण्यापासून औषधापर्यंत, दुपारी ओव्हरही त्यांनीच द्यायची. सकाळी 15 मिनिटं सगळ्यांना घेऊन उभी राहिले. सुई टोचली तर काय करायचं ते सांगितलं, आणि या धाग्यावरच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं: आधी माझ्याकडे ये, मी रागावणार नाही. सुयांचा डबा ट्रॉलीला बांधून टाकलाय.

एक खूण ठरवलीय. पेशंटसमोर कुणाचं काही चुकतंय असं दिसलं, पण जिवाला धोका नाही, तर मी एवढंच म्हणायचं, "जरा ट्रॉली बघतेस का?" मुलगी बाजूला येते, तिथे सांगते, ती परत जाऊन नीट करते. पेशंटचा तिच्यावरचा विश्वास जात नाही. आज चार वेळा म्हणावं लागलं. दुपारपर्यंत एक मुलगा आपण होऊन आला आणि म्हणाला, मॅडम, ट्रॉली बघायची आहे. त्याला बीपीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) बांधायला जमत नव्हता. पेशंटचा दंड जाड, कफ लहान, बीपी खोटंच जास्त येत होतं. मोठा कफ शेजारच्या वॉर्डातून आणला.

ओव्हरच्या वेळी एकीने श्वसन 24 सांगितलं. मी विचारलं, मोजलंस? म्हणाली, "अर्धं मिनिटच मोजलं मॅडम, पेशंटला खोकला आला. परत मोजून येऊ?" मी हो म्हटलं. दुपारच्या सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या, पण थांबल्या.

सहा नंबरचे आजोबा शनिवारी घरी गेले. इनहेलर कसा घ्यायचा ते त्या चादरीवाल्या मुलीनेच शिकवलं. आधी श्वास पूर्ण सोडा, मग दाबतानाच सावकाश आत ओढा, आता दहापर्यंत थांबा, शेवटी चूळ भरा. आजोबा दर वेळी आधी दाबायचे आणि मग ओढायचे, औषध सगळं हवेत. तीनदा चुकले. मी लांबून बघत होते. तिने इनहेलर त्यांच्या हातातून काढून घेतला नाही. त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून म्हणाली, "आबा, मी सांगेन तेव्हा दाबा." चौथ्यांदा जमलं.

---

जीएनएम_तिसरंवर्ष | सोमवार, रात्री 11:05

मॅडम, माझं पुढचं पोस्टिंग मेडिसिनला आहे. कुठल्या रुग्णालयात ते अजून लागलेलं नाही. तो भाषांचा कागद इथे पूर्ण टाकाल का? मी लिहून घेते.

---

मेडिसिन_वॉर्ड | सोमवार, रात्री 11:20

टाकते गं. मावशींनी "चक्कर येतेय" आणि "लघवी झाली का" हे दोन उद्या सांगते म्हटलंय. ते आले की पूर्ण टाकते.